लांब पल्ल्याची नेमबाजी: पहिल्या रायफलीचं कॅलिबर कसं निवडायचं

माझी पहिली मोठी रायफल .३०० विंचेस्टर मॅग्नम या जबर काडतुसाची होती. एक किलोमीटर गाठायचा तर दणकट काहीतरीच घ्यावं, असं दोघातिघांनी सांगितलं आणि खरं सांगायचं तर मलाही तेच ऐकायचं होतं. दीड वर्षात ती विकली. त्या दीड वर्षात तिच्यातून जेमतेम तीनशे राउंड झाले असतील. नंतर घेतलेल्या, तिच्याहून सौम्य .३०८ मधून तेवढे राउंड तीन महिन्यांत झाले, आणि नेमबाजी म्हणून जे काही शिकलो ते त्या तीन महिन्यांत शिकलो.

हा लेख त्या दीड वर्षाची भरपाई म्हणून लिहितो आहे. विषय फक्त कागदी आणि पोलादी टार्गेटवरच्या नेमबाजीचा आहे. शिकारीची गणितं वेगळी असतात आणि ती इथे लावू नका. पायऱ्या ज्या क्रमाने दिल्या आहेत त्याच क्रमाने चढा. बहुतेक जण शेवटची पायरी आधी चढतात, म्हणजे कॅलिबर (नळीचा व्यास, आणि बोलीत काडतुसाचं नावही) ठरवून मोकळे होतात आणि मग त्याला साजेसं मैदान शोधत फिरतात.

## १. आधी अंतर ठरवा

"लांब पल्ला" हा शब्द फसवा आहे. चिमुकलं .२२ एलआर चालवणाऱ्याला २०० मीटर म्हणजे डोंगर. .३३८ लापुआवाल्याला १००० मीटरला कुठे रंगत यायला लागते. तेव्हा स्वप्नातलं अंतर बाजूला ठेवा आणि एकच प्रश्न विचारा: वर्षातले बहुतेक दिवस मी ज्या रेंजवर झोपून गोळ्या झाडणार आहे, तिथलं सर्वात लांबचं टार्गेट किती दूर आहे?

उत्तर ३०० मीटर असेल तर जवळपास कोणतंही नेमकं कॅलिबर चालेल, आणि जितका धक्का कमी तितकं बरं. आंतरराष्ट्रीय ३०० मीटर स्पर्धेत ८ मिमीपर्यंतची मुभा असूनही तिथले मुरलेले नेमबाज ६ मिमी बीआरसारखं छोटं, शांत काडतूस उगाच वापरत नाहीत. ६०० मीटरपर्यंत .२२३ आणि ६ मिमीची मंडळी आरामात काम करतात. ६०० ते १००० हा .३०८ आणि ६.५ मिमीचा इलाका. १००० च्या पुढे ७ मिमी आणि .३०० मॅग्नम, आणि १५०० च्या पलीकडे .३३८ लापुआ मॅग्नमसारखी जड जनावरं.

पुढेमागे एखाद्या लांबच्या रेंजवर वर्षातून एकदा जाणार असाल तर त्या एका दिवसासाठी रायफल घेऊ नका. त्या दिवशी कुणाची तरी उसनी मिळते. नेमबाज या बाबतीत दिलदार असतात, फक्त काडतुसं स्वतःची न्या.

## २. कागद आणि नियमपुस्तिका, दुकानाच्या आधी

ही पायरी कंटाळवाणी आहे, म्हणून पटकन उरकतो. पण हिच्यात चुकलात तर बाकी सगळं फुकट.

कायदा प्रत्येक देशात वेगळा आहे. काही ठिकाणी सैन्यात वापरली जाणारी कॅलिबरं नागरिकांना वर्ज्य असतात, काही ठिकाणी परवान्यावर कॅलिबर नावानिशी लिहिलेलं असतं आणि ते बदलायचं तर पुन्हा अर्ज. म्हणून आधी परवाना देणाऱ्या कार्यालयात लेखी विचारून घ्या. तोंडी "चालेल हो" वर विसंबू नका. माझ्या एका मित्राच्या कागदावर कॅलिबर अर्धवट लिहिलं गेलं आणि फक्त ते दुरुस्त होईपर्यंत त्याची रायफल चार महिने दुकानदाराच्या तिजोरीत पडून होती.

जमवून ठेवायचे कागद साधारण असे:

- शस्त्र परवाना किंवा त्याचा अर्ज, आणि त्यावर काडतुसाचं पूर्ण नाव
- क्लबचं सदस्यत्व आणि सुरक्षा प्रशिक्षणाचा दाखला
- घरी शस्त्र आणि काडतुसं वेगवेगळी, कुलूपबंद ठेवण्याची सोय असल्याचा पुरावा
- रेंजचे लेखी नियम: कमाल कॅलिबर, कमाल वेग किंवा ऊर्जा, चालणारे गोळ्यांचे प्रकार
- ज्या स्पर्धेत उतरायची इच्छा आहे तिची चालू वर्षाची नियमपुस्तिका

रेंजची मर्यादा ही गंमत नाही. .३०८ ची गोळी नळीतून निघताना साधारण ३५०० ज्यूल ऊर्जा घेऊन निघते, .३३८ लापुआची ६५०० च्या आसपास. मागचा मातीचा बांध पहिलीसाठी बांधलेला असेल तर दुसरीला तिथे कुणी उभं करणार नाही.

आता नियमपुस्तिका. एफ-क्लासच्या (झोपून, रायफल टेकूवर ठेवून, स्कोप लावून खेळायच्या स्पर्धेच्या) एफ-टीआर गटात दोनच काडतुसं चालतात: .३०८ विंचेस्टर आणि .२२३ रेमिंग्टन. तुम्ही हौसेने ६.५ घेऊन गेलात तर तुम्हाला ओपन गटात बसवतील, आणि तिथे ७ मिमीच्या गोळ्या झाडणारे, वर्षानुवर्षं वारा वाचणारे लोक बसलेले असतात. पाल्मा या दुसऱ्या स्पर्धाप्रकारात .३०८ आणि १५५ ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं एकक) आसपासची गोळी, ८००, ९०० आणि १००० यार्डांवर, दुर्बिणीशिवाय. पीआरएस (प्रिसिजन रायफल सीरिज) धर्तीच्या, जागा बदलत ठरावीक वेळात टार्गेटं टिपायच्या स्पर्धांत उलटी मर्यादा असते: .३० पेक्षा मोठं कॅलिबर नको आणि सेकंदाला ३२०० फुटांपेक्षा जास्त वेग नको. म्हणजे स्पर्धा ठरली की अर्धी निवड आपोआप होते.

## ३. नावांच्या जंगलात हरवू नका

कॅलिबर म्हणजे नळीचा व्यास, आणि काडतूस म्हणजे ती गोळी, पितळी केस, बंदुकीची दारू आणि ती पेटवणारी टोपी, म्हणजे प्रायमर, मिळून झालेली वस्तू. बोलताना आपण दोन्हीला कॅलिबरच म्हणतो. चालतं. खरेदी करताना चालत नाही.

.३०८ विंचेस्टर, .३०-०६ आणि .३०० विंचेस्टर मॅग्नम या तिघांची गोळी एकाच जाडीची, ०.३०८ इंच. केस मात्र तीन वेगळ्या, आणि एकाची दुसऱ्यात घालायची नाही. ६.५ मिमी म्हणवणाऱ्या गोळीचा खरा व्यास ६.७१ मिमी असतो, कारण नाव नळीत आतून कोरलेल्या खाचांमधल्या उंचवट्यांवरून पडलं आणि गोळी खाचांच्या तळापर्यंत बसते. .२६० रेमिंग्टनची गोळी .२६० ची नसून .२६४ ची, म्हणजे तीच ६.५ मिमी. यात तर्क शोधू नका, तो नाही. ज्याने काडतूस बाजारात आणलं त्याला जे नाव खपेल असं वाटलं ते पडलं.

सापळा: .२२३ रेमिंग्टन आणि ५.५६ नाटो दिसायला जुळी भावंडं आहेत. पण ५.५६ चं काडतूस .२२३ च्या चेंबरमध्ये (नळीतल्या काडतूस बसायच्या जागेत) झाडलं तर दाब धोक्याच्या पातळीवर जाऊ शकतो. नळीवर काय कोरलंय ते वाचा आणि तेच नाव डब्यावर असेल तरच भरा. आणि फायरिंग पॉइंटवर एका वेळी एकाच कॅलिबरचा डबा उघडा ठेवा. दोन रायफली घेऊन गेलेल्या दिवशी हा नियम सगळ्यात जास्त मोडला जातो.

## ४. घसरणीला घाबरू नका, वाऱ्याला घाबरा

इथे जरा थांबतो, कारण माझी चूक इथेच झाली होती.

नवशिका आकड्यांचा तक्ता उघडतो आणि आधी घसरण बघतो. १००० यार्डांवर .३०८ ची १७५ ग्रेनची गोळी गाठायला स्कोप साधारण साडेअकरा मिल (कोन मोजायचं एकक) वर न्यावा लागतो, ६.५ क्रीडमूरच्या १४० ग्रेनला साधारण नऊ. लगेच वाटतं, दुसरी सरळ जाते, ती चांगली. पण गुरुत्वाकर्षण रोज तेवढंच असतं. अंतर माहीत आहे, वेग माहीत आहे, तर घसरण हे निव्वळ गणित आहे. फोनमधलं ॲप ते करून देतं. साडेअकरा काय न् नऊ काय, तुम्ही फक्त टरेट, म्हणजे स्कोपवरची चकती, फिरवता.

वारा मात्र कुणी मोजून देत नाही. तो तुमच्याजवळ एक असतो, मध्यावर दुसरा, टार्गेटजवळ तिसरा.

आडव्या १६ किमी वेगाच्या वाऱ्यात, १००० यार्डांवर, वरची .३०८ ची गोळी सुमारे अडीच मीटर सरकते आणि ६.५ क्रीडमूरची सुमारे पावणेदोन. आता समजा वारा ओळखण्यात तुमची फक्त ३ किमीची चूक झाली. नवशिक्यासाठी ही चूक फारच प्रामाणिक म्हणायला हवी. तेवढ्याने .३०८ ची गोळी हातभर, ४५-४७ सेंटिमीटर बाजूला जाईल, ६.५ ची साधारण ३३. एफ-क्लासचं मधलं वर्तुळ या अंतरावर जेमतेम २५ सेंटिमीटर रुंद असतं. दोन्ही बाहेरच गेल्या, पण एक थोडी बाहेर आणि एक बरीच. लांब पल्ल्याचं कॅलिबर दुसऱ्यापेक्षा बरं म्हणायचं ते या "थोडी"साठी.

वाऱ्यात कमी का सरकते, तर फक्त वेगामुळे नाही. हवा गोळीला जितकं मागे खेचते तितका वाऱ्याला तिच्यावर हात टाकायला वाव मिळतो. म्हणून लांब, निमुळती, शेपटाकडे बोटीसारखी आत गेलेली गोळी जिंकते. हवेला चुकवण्याच्या या गुणाला बॅलिस्टिक कोएफिशंट म्हणतात. नेमबाज नुसतं बीसी म्हणतात. हा आकडा जी-१ आणि जी-७ अशा दोन मापांत छापतात, आणि त्याच गोळीचा जी-१ आकडा जी-७ च्या जवळजवळ दुप्पट दिसतो. डब्यावर मोठा आकडा छापायला कुणाला आवडत नाही? दोन गोळ्यांची तुलना करताना माप एकच आहे ना, एवढं बघा.

आता माझ्या मॅग्नमचं. तिच्यात मी १९० ग्रेनची गोळी वापरत होतो. १००० यार्डांवर वाऱ्याने ती ६.५ क्रीडमूरपेक्षा कमी सरकत नव्हती. दारू पाऊणपट जास्त, धक्का जवळजवळ दुप्पट, आणि वाऱ्यात फायदा शून्य. जड, लांब गोळी घातली असती तर फायदा दिसला असता, पण तेव्हा खांद्याने जे बोललं असतं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

या पायरीतली शेवटची गोष्ट ध्वनीच्या वेगाची. तो साधारण सेकंदाला ३४० मीटर. गोळी त्याच्या वरून खाली येताना डळमळते, काही गोळ्या तर तोलच सोडतात. .३०८ ची १६८ ग्रेनची जुनी मॅच (स्पर्धेसाठीची) गोळी यासाठी बदनाम आहे: ६००-७०० यार्डांपर्यंत सुरेख, १००० वर बेभरवशाची. मला हे माहीत नव्हतं. टार्गेट खाली उतरवलं तेव्हा कागदावर गोल भोकांऐवजी एक लांबट, चावीच्या भोकासारखी चीर होती. गोळी आडवी शिरली होती. बाकीच्या तीन गोळ्या कागदावरच नव्हत्या. त्याच रायफलीतून १७५ ग्रेन झाडली आणि प्रश्न मिटला. म्हणून तक्त्यात एवढं जरूर पाहा: माझ्या सर्वात लांबच्या अंतरावर गोळीचा वेग किती उरतो? १००० यार्डांवर १७५ ग्रेनची .३०८ अगदी उंबरठ्यावर, सेकंदाला ३६० मीटरच्या आसपास असते. ६.५ क्रीडमूर तिथे साडेचारशेच्या वर असते, आणि हीच तिची खरी मिरास.

## ५. खांदा खोटं बोलत नाही, पण उशिरा बोलतो

मॅग्नमच्या दिवसांत माझे गट, म्हणजे एकाच नेमाने झाडलेल्या गोळ्यांच्या भोकांचे पुंजके, दिवसेंदिवस पसरत चालले होते. मी स्कोप बदलला, माउंट आवळले, काडतुसं बदलली. शेवटी क्लबातले एक ज्येष्ठ नेमबाज शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, "मी भरून देतो, तू नुसतं झाड."

दोन राउंड झाले. तिसऱ्याला ट्रिगर दाबला आणि "टक्" असा कोरडा आवाज आला. त्यांनी गुपचूप नकली काडतूस भरलं होतं. स्फोट नाही, धक्का नाही, तरी नळीचं टोक बोटभर खाली झुकलं, खांदा पुढे गेला आणि डोळे घट्ट मिटले होते. ते काही बोलले नाहीत. नकली काडतूस काढून माझ्या तळहातावर ठेवलं आणि आपल्या जागेवर निघून गेले.

याला दचक म्हणा, फ्लिंच म्हणा. ती लागायला वीस राउंड पुरतात, जायला वर्ष लागतं. म्हणून नवीन माणसाने धक्क्याबाबत मर्दुमकी दाखवू नये. आणखी एक कारण आहे: धक्का कमी असेल तर गोळी टार्गेटला लागताना तुम्हाला स्वतःच्या स्कोपमधून दिसते. धूळ कुठे उडाली, पोलाद कुठे हललं हे स्वतः पाहणं हा वारा शिकण्याचा सर्वात जलद मार्ग आहे. ६ मिमीवाले स्पर्धक वेगाने सुधारतात त्यामागे हे मोठं कारण असावं, असं माझं मत.

नळीच्या तोंडावर वायू बाजूला वळवणारा मझल ब्रेक लावून धक्का कमी होतो, हे खरं. पण अनेक स्पर्धांत तो चालत नाही, आणि शेजारी झोपलेल्या माणसाच्या कानाखाली दर राउंडला जाळ निघतो. ब्रेक असो नसो, कानात बोंडं आणि वर इअरमफ, दोन्ही घाला.

## ६. नळीही झिजते

रायफल आयुष्यभराची, नळी नाही. दारूचा जाळ चेंबरच्या पुढचा भाग भाजून काढतो, खाचा झिजतात आणि एक दिवस गट उगाच पसरू लागतात. रुंद नळीत थोडी दारू जाळली तर झीज कमी, अरुंद नळीत खूप जाळली तर जास्त.

ढोबळ आकडे, मॅच दर्जाच्या अचूकतेचे: .३०८ साधारण ५००० राउंड, ६.५ क्रीडमूर २००० ते ३०००; ६ मिमी क्रीडमूर १२०० ते १८००; .३०० मॅग्नम १५०० ते २०००. .२२ एलआरची नळी तर बहुधा तुमच्यानंतरही चालेल. गोळी नळीत असते ती साधारण एक-दीड मिलिसेकंद, म्हणजे अडीच हजार राउंडची नळी एकूण तीन-चार सेकंद काम करून निवृत्त होते. हे गणित पहिल्यांदा केलं तेव्हा मी बराच वेळ गप्प होतो.

हे आकडे तुमच्या सवयीवरही ठरतात. नळी तापलेली असताना घाईघाईने वीस-वीस राउंड ओतलेत तर वरच्या आकड्यांतून बरंच वजा करा.

खरेदीच्या वेळी एक शहाणपण जमतं: बोल्टचं तोंड, म्हणजे केसचं बूड धरणारा भाग, बघा. .३०८, ६.५ क्रीडमूर, ६ मिमी क्रीडमूर, .२६० रेमिंग्टन, .२४३ विंचेस्टर या सगळ्यांच्या केसचा बूड सारख्याच मापाचा असतो आणि लांबी आखूड ॲक्शनमध्ये (बोल्ट सरकतो त्या सांगाड्यात) बसते. म्हणजे आज .३०८ घेतली आणि तिची नळी संपली, तर कायदा परवानगी देत असेल तिथे जाणकार गनस्मिथ फक्त नळी बदलून ती ६.५ करून देऊ शकतो. .२२३ चं तोंड त्याहून लहान, मॅग्नमचं मोठं, .३३८ लापुआचं त्याहूनही मोठं. तिथे हे इतकं सहज नाही.

## ७. काडतुसं मिळतात का?

प्रश्न एवढाच. पण उत्तर फोनवरून घेऊ नका, प्रत्यक्ष कपाट बघा. मॅच दर्जाची, एकाच लॉटची (कारखान्यात एकाच खेपेत बनलेली) दोनशे काडतुसं आज मिळतात का? सहा महिन्यांनी मिळतील का? दोन-तीन वेगळ्या कारखान्यांची मिळतात का?

लॉट महत्त्वाचा का, तर वेगातल्या फरकामुळे. १००० यार्डांवर ६.५ ची गोळी नेहमीपेक्षा फक्त १० मीटर प्रतिसेकंद हळू निघाली तर ती वीस-पंचवीस सेंटिमीटर खाली लागते, म्हणजे मधल्या वर्तुळाच्या बाहेर. तुम्ही काहीच चुकलेले नसता. स्वस्त, सैनिकी धर्तीच्या काडतुसांत असे फरक नेहमीचे असतात.

हाताने काडतुसं भरण्याची परवानगी जिथे आहे तिथे चित्र बदलतं. दुर्मीळ पण सुंदर काडतुसं, उदाहरणार्थ ६ मिमी बीआर किंवा ६.५×४७ लापुआ, तिथे परवडतात. पण पहिल्याच वर्षी नेमबाजी आणि भरणं दोन्ही एकदम शिकायला घेऊ नका. गट बिघडला तर दोष कुणाचा, हेच कळत नाही.

## ८. ट्विस्ट तपासा

नळीतल्या खाचा गोळीला फिरकी देतात. "१:८" म्हणजे आठ इंचांत एक फेरा. गोळी जितकी लांब तितकी फिरकी जास्त लागते. .२२३ मध्ये ७७ ग्रेन आणि त्यावरच्या गोळ्यांसाठी १:८ किंवा १:७ हवा. शिकारीसाठी केलेल्या जुन्या १:१२ नळीत त्या भोवऱ्यासारख्या डुलतील. ६.५ मिमीला १:८, ६ मिमीला १:८ ते १:७, .३०८ ला १:१० ते १:१२ (१७५ च्या वरच्या गोळ्यांना १:१० बरा). वापरलेली रायफल घेताना विक्रेत्याला आधी हेच विचारा. उत्तर येत नसेल तर कापड लावलेली सफाईची सळई आत ढकला, तिच्यावर खूण करा आणि एक फेरा किती इंचांत होतो ते स्वतः मोजा. सळईची मूठ फिरती असली पाहिजे, नाहीतर चुकीचं माप मिळेल. आणि त्याआधी बोल्ट काढा, चेंबर रिकामं आहे हे डोळ्याने आणि बोटाने तपासा.

## ९. उमेदवार

.२२ एलआर. १८८७ पासूनचं काडतूस. हसू नका. ४० ग्रेनची मॅच गोळी ध्वनीपेक्षा हळू निघते, म्हणून १०० ते २०० मीटरवर तिला वारा असा नाचवतो की मोठ्या रायफलीवर ८००-१००० ला शिकायचे धडे इथेच मिळतात. दुसरी रायफल म्हणून प्रत्येकाकडे असावी. मला विचाराल तर पहिलीही हीच.

.२२३ रेमिंग्टन. धक्का नगण्य, नळी टिकाऊ, काडतुसं मुबलक. ६०० पर्यंत उत्तम शिक्षक. एफ-टीआरमध्ये १००० यार्डांवर जड गोळ्या घेऊन लढणारेही आहेत, पण ते मुरलेल्यांचं काम.

.३०८ विंचेस्टर. १९५२ चं. आता म्हाताऱ्यात जमा झालं असं म्हणतात. म्हणोत. सगळीकडे मिळतं, नळी दमदार, चुका लपवत नाही आणि माफही करत नाही. एफ-टीआर किंवा पाल्मा खेळायचं असेल तर विचार संपलाच. फक्त १००० यार्डांच्या पुढची स्वप्नं याच्यावर बांधू नका.

६.५ क्रीडमूर. २००७ मध्ये आलं, मुळातच टार्गेटवाल्यांसाठी बेतलेलं. .३०८ पेक्षा धक्का कमी, वारा कमी लागतो, कारखान्यातली मॅच काडतुसं चांगली. नियम आड येत नसतील आणि रेंज ६०० ते १२०० ची असेल तर नव्या माणसाला मी डोळे झाकून हेच सांगतो. .२६० रेमिंग्टन आणि ६.५×४७ लापुआ हे याचेच चुलतभाऊ, आणि जुनं ६.५×५५ स्वीडिश तर आजोबा. यांपैकी ज्याची काडतुसं तुमच्या कपाटात दिसतील ते घ्या, फरक टार्गेटवर दिसणार नाही.

६ मिमी मंडळी. बीआर, डॅशर, ६ क्रीडमूर. स्पर्धेत सुंदर, पण डॅशरसारख्यांना हाताने भरणं जवळजवळ अटळ, आणि ६ क्रीडमूर नळ्या खातं. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी बघा.

७ मिमी आणि मॅग्नम. एफ-ओपनमध्ये .२८४ विंचेस्टर आणि त्याच्या भावंडांचा दबदबा आहे, १८० ग्रेनच्या गोळ्यांमुळे. .३०० मॅग्नम आणि .३३८ लापुआ यांच्याबद्दल वर पुरेसं रडून झालं आहे. १२०० मीटरच्या पुढची रेंज खरोखर हाताशी असेल तरच.

## १०. पैसे मोजण्याआधी

दोन कॅलिबरांवर येऊन अडकलात की उसन्या रायफलींवर प्रत्येकी चाळीस राउंड झाडा, एकाच दिवशी, आधी हलकी मग जड. शेवटच्या दहा राउंडचा गट पहिल्या दहाशी ताडून बघा. जिचा शेवटचा गट कमी पसरला ती तुमची. आणि मध्येच कुणाला तरी नकली काडतूस भरायला सांगा. आपल्याला कळणार नाही असं.

विजेत्याची रायफल बघून निवडू नका. तो वर्षाला दोन नळ्या संपवतो आणि काडतुसं रात्री घरी भरतो.

रायफलीबरोबर लागणारं सामान, ज्याचा हिशेब लोक विसरतात:

- स्कोप, ज्याच्या टरेटमध्ये तुमच्या अंतराइतका वर जायचा वाव आहे, आणि २० मिनिटांचा (मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) उतार असलेली, स्कोप बसवायची रेल
- बायपॉड (नळीखालचा दोन पायांचा टेकू) आणि मागची वाळूची पिशवी
- वेग मोजायचा क्रोनोग्राफ, निदान उसना
- हातातला वारामापक
- सफाईची सळई, चेंबरमध्ये बसणारा, सळई सरळ ठेवणारा बोअर गाइड आणि योग्य मापाचे ब्रश
- टॉर्क लावायचा पाना
- चेंबर फ्लॅग (चेंबर रिकामं असल्याची खूण), कानांची दोन्ही संरक्षणं, चष्मा
- एक वही

यातल्या वहीवर कंजुषी करू नका. तारीख, तापमान, लॉट नंबर, वारा काय वाटला आणि प्रत्यक्षात किती निघाला, एवढं लिहा. "वाटला" आणि "निघाला" हे दोन रकाने वेगळे ठेवा, आणि पहिला रकाना ट्रिगर दाबण्याच्या आधी भरा. नंतर भरलात तर तो नेहमी बरोबरच येतो.

नळीतून गेलेल्या राउंडचा आकडा मी वहीत लिहितो आणि स्टॉकच्या आतल्या बाजूला चिकटपट्टीवरही लिहितो. सध्या तिथे १८४० आहे, ६.५ क्रीडमूर. पुढची नळी पुन्हा तीच लावायची की ६ मिमीची, यावर क्लबात गेले दोन रविवार वाद चालू आहे, आणि ज्येष्ठांनी आपलं मत द्यायला अजून साफ नकार दिला आहे.